वेल्ससाठी घरातले तळे

डॅन्यूबमधला वेल्स हा आपल्या शिंगाळ्याचा दूरचा भाऊबंद. वर दोन लांब मिशा, खाली चार आखूड, अंगावर खवला नाही. 2023 मध्ये इटलीतल्या पो नदीत सापडलेला वेल्स 285 सेंटिमीटर भरला. असा मासा घरातल्या तळ्यात ठेवणारे आधी पाण्याचे लिटर मोजतात. माझ्या मते आधी मोजावा तळाचा विस्तार. दिवसभर तळाशी पडून राहणाऱ्या या जीवाला उंच पाण्याचा उपयोग थोडा. वळायला ऐसपैस जागा, गुळगुळीत कडा आणि दडायला काळोखी आडोसा हवा. शिवाय त्याचा वाताशय हाडांच्या बारीक साखळीने कानाशी जोडलेला असतो. आपल्याला जेमतेम ऐकू येणारी पंपाची घरघर त्याला चुकवता येत नाही. पंप भिंतीला टेकवू नये.

पाणी गार झाले की त्याची भूक मंदावते. तेव्हा टाकलेला चारा सडून पाणी नासते. हौशी माणसाला नेमके हेच जमत नाही, त्याला रोज काहीतरी भरवायचे असते.

आणि हा मासा कित्येक दशके जगतो. म्हाताऱ्या मालकामागे तो कोण घेणार? इंग्लंडमध्ये 1880 साली वोबर्नच्या तळ्यांत वेल्स हौसेने सोडले गेले; आज तिथे परवान्याशिवाय तो नदीत सोडता येत नाही.