झुरळाला गोड कडू लागतं तेव्हा

शहापूर काय, मुरबाड काय, स्वयंपाकघरातली तक्रार एकच असते: झुरळांचं औषध आणलं, पहिल्यांदा पटापट मेली, आता तोंडसुद्धा लावत नाहीत. आपण लगेच दुकानदाराला दोष देतो. औषध जुनं असेलही. पण कधीकधी बदललेलं असतं ते झुरळ.

फवाऱ्याचं हे आपल्याकडे जुनंच आहे. हिवतापासाठी घरोघर भिंतींवर डीडीटी मारायचे. १९५९ साली पंचमहालातल्या डासांना ते लागू पडत नसल्याची नोंद झाली. तेव्हा पंचमहाल आणि ठाणे एकाच मुंबई राज्यात होते. अशा किड्यांच्या अंगात विष पचवायची ताकद येते.

आमिषाची गोष्ट वेगळी. तिथं विष गोडात कालवलेलं असतं, बहुधा ग्लुकोजमध्ये. काही झुरळं ग्लुकोज टाळतात, हे अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालं. कारण सापडलं २०१३ साली. या झुरळांच्या तोंडाजवळच्या, कडू चव ओळखणाऱ्या पेशीच ग्लुकोजनं चाळवतात. म्हणजे विष पोटात गेलं तर झुरळ मरेल, पण ते पोटात जातच नाही!

आता बघा, झुरळ हे शिकलं का? नाही. हजारात एखाद्याला जन्मतःच गोड नकोसं असेल. बाकीची आमिष खाऊन मेली, हे उरलं. मादीच्या एका अंडकोषात तीस-चाळीस अंडी, आणि दोन-तीन महिन्यांत पुढची पिढी तयार. ही खोड आनुवंशिक आहे, बरं का.

हे सगळं 'जर्मन' झुरळाबद्दल, आपल्या ओट्याखालचं लहान, तपकिरी. नाव जर्मन, पण २०२४ च्या जनुकीय अभ्यासानुसार ते मूळचं भारत-म्यानमारकडचं.

मग बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या? अशा झुरळांच्या लाळेनं साखरेचंही ग्लुकोज होतं, म्हणून त्याही थुंकल्या जातात. शेतातलं औषध मात्र घरात आणू नका. रांगणारं पोर ते आधी गाठतं.

रात्री ओट्याच्या कोपऱ्यात आमिषाचा ठिपका ठेवा, शेजारी तेलात भिजवलेला भाकरीचा चुरा. चुरा संपला आणि ठिपका तसाच राहिला, तर त्याच मसाल्याची दुसरी कंपनी आणून उपयोग नाही. वेगळ्या खाद्यातलं आमिष मागा, आणि त्याच्यावर फवारा मारू नका, नाहीतर वासानंच झुरळं लांब राहतील.