मोकळी जमीन

मुंबईच्या गिरणगावाची हकिगत निघाली की १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपावर बोट ठेवले जाते. अडीच लाख कामगार त्या संपात उतरले आणि बहुतेकांच्या हाती परत काम आले नाही, हे खरेच. पण वस्ती मोडली ती पुढे, एका नियमातल्या एका विशेषणाने.

५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या नियमावलीप्रमाणे गिरणीची जमीन विकासास काढली तर ढोबळमानाने एक तृतीयांश मैदाने-बागांसाठी महापालिकेस, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडास आणि उरलेली मालकास, अशी वाटणी होती. २००१ साली ती फक्त 'मोकळ्या' जमिनीपुरती ठरली. शेड पाडून रिकामी झालेली जागा मोकळी धरावयाची नाही! आता गिरणी म्हटली की शेडच शेड. मग वाटणीस उरले काय? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली ही दुरुस्ती मानली नाही. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. ज्या परळात भोंग्यावर घड्याळे लावली जात, तेथे मॉल आणि मनोरे उभे राहिले.

या उलथापालथीत गेले काय, ते जमिनीच्या हिशेबात दिसत नाही. एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली, पाळीपाळीने पसरलेली वळकटी, बायकांनी चालविलेली खानावळ, यांच्या आधाराने तेथे भजनी मंडळे उभी राहिली. कोकणातला शक्तितुरा, घाटावरचा तमाशा, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचे पोवाडे, सारे याच गल्ल्यांत वाढले. मृदंग कोणीही विकत घेईल हो. पण रात्रपाळीहून आलेला साथीदार दोन खोल्या सोडून राहत असेल तरच मंडळ चालते. एक गेला विरारला, दुसरा बदलापूरला. तालमीस जमायचे कोणी आणि कोठे?

घरांसाठी अर्ज दीड लाखाच्या घरात आले. पहिली मोठी सोडत निघाली ती २०१२ साली. पुढे शेलू-वांगणीकडची घरे दाखविण्यात आली, तेव्हा कामगारांनी २०२५ साली आझाद मैदानावर येऊन मुंबईतच घर मागितले. तो हट्ट नव्हे.

इंदूरकरांस हे परके वाटू नये. आपली हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये सुटले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी. कित्येकांच्या बाबतीत ते वारसांनीच घेतले. तरीही अनंत चतुर्दशीला मिलच्या नावाने झांकी निघते! मिल नाही, पगार नाही, पण परदेशीपुरा, पाटणीपुरा जागेवर आहेत. चौकटीला खिळा ठोकणारा आणि ढोल वाजविणारा अजून हाकेच्या अंतरावर राहतो. मिलच्या सुमारे ४२ एकरांवर आता घरे आणि दुकाने यांचा आराखडा आहे. त्यात किती मजले आहेत हे सर्वांनी विचारले. भोवतालच्या भाडेकरूंचे काय, हे विचारणारे थोडे निघाले.