घरातल्या जुन्या रेकॉर्डी संगणकावर कशा उतरवाव्यात

‘चहा’ आणि ‘चमचा’ हे दोन शब्द आधी मोठ्याने म्हणून पाहावेत. लिहिताना दोन्हींत एकच च. बोलताना मात्र चहातला च टाळूपाशी निघतो आणि चमच्यातला दातांपाशी, जवळजवळ ‘त्स’सारखा. ‘जेवण’ आणि ‘जवळ’ यांतल्या ज चेही तसेच. देवनागरीत या दोन उच्चारांना वेगळी चिन्हे नाहीत, त्यामुळे पुस्तकावरून हा फरक शिकता येत नाही. तो कानानेच उचलावा लागतो. सिडनी-मेलबर्नच्या घरात अस्खलित मराठी बोलणारी एखादी आजीच उरली असेल, तर तिने मुंबईहून पेटीत घालून आणलेल्या रेकॉर्डी हा मुलांचा दुसरा शिक्षक असतो. म्हणून त्या संगणकावर उतरवताना नुसती चाल ऐकू आली म्हणजे काम झाले, असे मानू नये. उच्चारही शाबूत उतरला पाहिजे.

आवाज किती सहज नाहीसा होतो याचा एक दाखला बेने इस्राएलांच्या जवळचाच आहे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्याची कथा जोसेफ डेव्हिड पेणकर यांची. आज त्या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. मूळ वस्तू नीट राहिली नाही आणि वेळेवर नक्कलही झाली नाही, की असे होते.

कामाला लागण्यापूर्वी रेकॉर्ड कोणत्या जातीची आहे ते ओळखावे. जड, काळी, हातातून पडली तर काचेसारखी फुटणारी, मिनिटाला ७८ फेरे घेणारी आणि एका बाजूस साधारण तीन मिनिटे वाजणारी, ती लाखेची. लाख म्हणजे झाडावरच्या किड्यांपासून मिळणारी, बांगड्यांना लागते तीच. हलकी, किंचित लवणारी, ३३ १/३ फेऱ्यांची आणि एका बाजूस वीसेक मिनिटे चालणारी, ती व्हायनिलची एलपी. ती १९४८ साली अमेरिकेत बाजारात आली. ४५ फेऱ्यांची लहान रेकॉर्डही बहुधा व्हायनिलचीच.

हा फरक साफसफाईच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो. व्हायनिल पुसायला डिमिनरलाइज्ड पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात. हे पाणी इथल्या सुपरमार्केटात इस्त्रीच्या सामानाजवळ मिळते. पण तेच मिश्रण लाखेच्या रेकॉर्डवर घातले तर लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि खाचांबरोबर गाणेही जाते. लाखेच्या रेकॉर्डला मऊ, किंचित ओलसर फडके पुरे. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नये. पुसताना हात खाचांच्या दिशेने, गोल फिरवावा. साफ केलेली रेकॉर्ड उन्हात वाळत घालू नये, आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तर कोणतीच रेकॉर्ड विसरू नये. तिथल्या उष्णतेने व्हायनिल पापडासारखे वाकडे होते.

आता यंत्र. भारतातून आणलेला जुना रेकॉर्ड प्लेअर ऑस्ट्रेलियात चालतो. दोन्ही देशांत वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी दिलेला प्लेअर मात्र आधी तपासून घ्यावा. तिथली वीज कमी व्होल्टची आणि ६० हर्ट्झची. अशा विजेवर बेतलेल्या जुन्या मोटरी इथे ट्रान्सफॉर्मर लावूनही हळू फिरतात, आणि लताबाईंचा आवाज एकदम घोगरा निघतो.

सुईही रेकॉर्डप्रमाणे बदलते. एलपीची खाच बारीक असते, तिच्या सुईचे टोक साधारण १८ ते २५ मायक्रॉन त्रिज्येचे. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डची खाच रुंद, तिला ७५ मायक्रॉनच्या आसपासचे टोक लागते. एलपीची सुई या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन घासते आणि गाण्यापेक्षा तळाची धूळच जास्त वाजवते. पुष्कळ लोक लाखेच्या रेकॉर्डला ‘खराब झाली’ म्हणून बाजूला ठेवतात, तेव्हा दोष बहुधा सुईचा असतो.

सुईकडून येणारा विजेचा संकेत फार क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो. शिवाय एलपी कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे स्वर वाढवलेले असतात, म्हणजे खाच आटोक्यात राहते. १९५४ पासून याचे एक सर्वमान्य प्रमाण ठरले. फोनो प्रीअँप नावाची छोटी डबी हा संकेत मोठा करते आणि दाबलेले-वाढवलेले पूर्ववत करते. तिच्यातून वायर संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये जाते. माइकच्या भोकात ती घालू नये, आवाज फाटतो. नव्या लॅपटॉपला ‘लाइन इन’ नसते. त्यासाठी यूएसबीवर चालणारे ऑडिओ इंटरफेस घ्यावे, किंवा प्रीअँप आतच बसवलेला यूएसबी प्लेअर. सतत गुणगुण ऐकू येत असेल तर प्लेअरची अर्थिंगची बारीक वायर प्रीअँपला जोडलेली आहे का, ते आधी पाहावे.

संगणकावर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. रेकॉर्डमधला सर्वांत मोठा आवाज वाजवून पाहावा आणि पट्टी उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी ठेवावी. ध्वनिसंग्राहकांची आंतरराष्ट्रीय संघटना सेकंदाला ९६,००० नमुने आणि २४ बिट सुचवते. घरच्या कामाला ४८,००० आणि २४ बिट पुरतात. चाळीस मिनिटांच्या एलपीची फाइल सुमारे ७०० एमबी होते. साठवणीची फाइल वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात ठेवावी. फोनवर ऐकण्यासाठी एमपीथ्री खुशाल काढावी, पण तीच एकुलती एक प्रत असू नये. चाळीस मिनिटांची रेकॉर्ड उतरायला चाळीस मिनिटेच लागतात, घाई चालत नाही. शुक्रवारी दुपार कलल्यावर हे काम काढू नये, हे वेगळे सांगायला नको.

प्लेअरवर ७८ ची सोय नसेल तर सुई बदलून रेकॉर्ड ४५ वर वाजवावी आणि नंतर ऑडॅसिटीत वेग वाढवावा. त्यात जुन्या वेगावरून नव्या वेगावर जाण्याची तयार सोय आहे. खर्ज थोडा इकडेतिकडे होतो, तो कानाने ठीक करता येतो.

खरा मोह यानंतर येतो. फाइल तयार झाली, खरखर ऐकू येते, आणि समोर आवाज स्वच्छ करण्याचे बटण असते. हा प्रोग्राम खरखरीचा नमुना घेतो आणि त्या जातीचा आवाज सगळीकडून कमी करतो. पण स, श, छ, दातांजवळचा च आणि ज हे उच्चारसुद्धा बऱ्याच अंशी उंच पट्टीतली सळसळच असतात. प्रोग्रामला त्यातली मराठी कळत नाही. बटण जोरात दाबले की ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले अंतर बुजू लागते, स बोथट होतो आणि गायक पाण्याखालून गातो आहे असे वाटते. फार कमी बिटरेटची एमपीथ्रीही असाच वरचा भाग कापते. १९२५ च्या आधी भोंग्यापुढे गायलेल्या रेकॉर्डींत हा वरचा भाग मुळातच थोडा असतो. तिथे तर उरलेसुरले जपायला हवे. म्हणून जशी उतरली तशी फाइल कायम ठेवावी आणि सफाई तिच्या नकलेवर करावी. सुटे टिकटिक आवाज एकेक निवडून काढले तर नुकसान कमी. घसाघसा पुसण्यापेक्षा थोडी खरखर राहिलेली बरी.

फाइलला ‘ट्रॅक १’ असे नाव देऊन सोडू नये. लेबलचा दोन्ही बाजूंचा फोटो काढावा; गाणे, गायक, कंपनी आणि रेकॉर्डचा क्रमांक देवनागरीत व रोमन लिपीत लिहावा. क्रमांकाचे महत्त्व ऑस्ट्रेलियातच राहणाऱ्या एका अभ्यासकाने दाखवून दिले. व्हिक्टोरिया राज्यातल्या मायकेल किनिअर यांनी भारतीय रेकॉर्डींच्या तपशीलवार याद्या केल्या. १८९९ ते १९०८ या काळातल्या पहिल्या मुद्रणांवरचे त्यांचे पुस्तक १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढले. अशा याद्यांत क्रमांकावरून मुद्रणाचा काळ शोधता येतो. त्याच बैठकीत आजीला माइकपुढे बसवून रेकॉर्ड कुठे घेतली, कोण लावायचे, हे तिच्या तोंडून पाच मिनिटे रेकॉर्ड करून जोडावे. तिचा च तर कोणत्याच यादीत नाही.

प्रती तीन असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्याच घरी. आणि उतरवून झाली म्हणून रेकॉर्ड विकू नये. २००६ च्या दुरुस्तीनंतर ऑस्ट्रेलियाचा कॉपीराइट कायदा स्वतःच्या मालकीच्या रेकॉर्डची घरगुती प्रत काढू देतो आणि ती घरच्यांना ऐकायला देऊ देतो, पण मूळ रेकॉर्ड विकली की ही सूट संपते. रेकॉर्डी पुस्तकांसारख्या उभ्या, कोरड्या कपाटात, खिडकीपासून दूर ठेवाव्यात.