‘नो गोल’ : एका पराभूत प्रेक्षकवर्गाच्या उद्गाराची मीमांसा

आपल्या संघाचा पराभव झाला म्हणजे प्रेक्षक चिडतो, यात नवल नाही. परंतु त्या संतापाला एक ठरीव शब्दरूप प्राप्त होऊन ते एखाद्या शहराच्या तोंडी वर्षानुवर्षे टिकून राहिले, तर तो भाषेच्या अभ्यासकाचाही विषय होतो. अमेरिकेतील बफेलो शहरात १९९९ च्या जूनमध्ये रूढ झालेला ‘नो गोल’ हा उद्गार अशांपैकी होय. ‘गोल नाही’ हा त्याचा कोशगत अर्थ सोपा आहे. तथापि तो कोणी, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या अधिकाराने उच्चारला, हे पाहिल्याखेरीज त्याचे मर्म कळत नाही.

प्रसंग असा. बर्फावरील हॉकीत नॅशनल हॉकी लीगच्या स्टॅन्ली चषकाची अंतिम लढत जास्तीत जास्त सात सामन्यांची असते. जो संघ प्रथम चार सामने जिंकील तो विजेता. त्या वर्षी डॅलस स्टार्स या संघाने तीन, तर बफेलो सेबर्स या संघाने दोन सामने जिंकले होते. सहावा सामना १९ जूनच्या रात्री बफेलोत सुरू झाला. साठ मिनिटांच्या खेळानंतर १-१ अशी बरोबरी झाली. अंतिम लढतीत बरोबरी मान्य नसते; वीस-वीस मिनिटांचे जादा डाव खेळले जातात आणि पहिला गोल होताच सामना तेथेच संपतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर, तिसऱ्या जादा डावाची १४ मिनिटे ५१ सेकंद झाली असता, डॅलसच्या ब्रेट हलने गोलरक्षक डॉमिनिक हाशेक याला चकवून गोल केला. त्या वेळी हलचा एक पाय गोलापुढील राखीव जागेत, म्हणजे ‘क्रीज’मध्ये होता. रबरी चकतीच्या आधी आक्रमक खेळाडूने तेथे पाय ठेवल्यास गोल रद्द करावा, असा तेव्हाचा नियम होता. हलचा चकतीवरील ताबा सुटलेला नव्हता, म्हणून गोल वैध, असा खुलासा लीगच्या अधिकाऱ्यांनी केला. बफेलोच्या प्रेक्षकांना तो पटला नाही. पुढील हंगामापासून तो नियमच काढून टाकण्यात आला, त्यामुळे तर त्यांच्या मनातील शल्य अधिकच खोल गेले.

येथे पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ‘नो गोल’ हे मूळचे प्रेक्षकाचे शब्द नव्हेत; ते पंचाचे आहेत. गोल अमान्य करताना पंच हाच निर्णय देतो. क्रिकेटमधील पंचाने ‘बाद’ म्हटले की फलंदाज बाद होतो. त्या शब्दाने घटनेचे वर्णन होते, त्याचबरोबर तिचा निवाडाही होतो. जे. एल. ऑस्टिन यांनी अशा उच्चारांची निर्णयवाचक क्रियांत गणना केली आणि अशी क्रिया सिद्ध होण्यास वक्त्याच्या ठिकाणी अधिकार असावा लागतो, हे दाखवून दिले. बफेलोच्या प्रेक्षकाने पंचाने न दिलेला निवाडा स्वतःच्या तोंडाने दिला. वाक्य तेच, वाक्यरचना तीच. केवळ अधिकार नाही. त्याच्या वैफल्याचे मूळ या उणिवेत आहे. निवाडा नुसता उच्चारल्याने सिद्ध होत नाही, म्हणूनच तो पुनःपुन्हा उच्चारावा लागतो.

दुसरी गोष्ट या उद्गारामागे दडलेल्या संकेतार्थाची. ‘तो गोल रद्द झाला असता, तर बफेलो जिंकले असते’, असे वाक्य तर्काला धरून होत नाही. गोल रद्द झाला असता तर बरोबरी कायम राहिली असती, इतकेच. त्यानंतर तो सामना जिंकावा लागला असता आणि मग सातवाही. म्हणजे प्रेक्षकाच्या हातून विजय गेला नाही, विजयाची शक्यता गेली. साध्या सामन्यात गोल झाला तरी पुढील खेळात त्याची भरपाई करता येते. येथे पहिला गोल हाच शेवटचा. ज्या काळात अन्यायाला खेळाने उत्तर द्यावयाचे, तो काळच गोलाबरोबर संपतो आणि उत्तर देण्याचे काम एकट्या भाषेवर येऊन पडते.

तिसरा प्रश्न सर्वनामाचा. रॉबर्ट सियाल्डिनी व त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, आपल्या विद्यापीठाच्या संघाविषयी बोलताना विद्यार्थी विजयाच्या वर्णनात ‘वी’ हे सर्वनाम अधिक वापरतात, पराभवाच्या वर्णनात कमी. विजय आपला असतो. पराभव मात्र संघाचा. पण पराभव अन्यायाने झाला असे मानले, की ‘वी’ टिकवून धरता येते, असे अनुमान करण्यास जागा आहे. इंग्रजीतील या एका सर्वनामात जे दोन अर्थ मिसळून जातात, ते मराठी वेगळे ठेवते. शेजारच्या प्रेक्षकाशी बोलताना ‘आपल्यावर अन्याय झाला’, आणि लीगला उद्देशून बोलताना ‘आमच्यावर अन्याय झाला’. पहिल्यात श्रोत्याचा समावेश आहे, दुसऱ्यात तो वगळलेला आहे. ‘नो गोल’ या सर्वनामरहित उद्गारात ही दोन्ही कार्ये एकदम साधतात. सामन्यानंतर संघाच्या सन्मानार्थ शहरात भरलेल्या सभेत प्रशिक्षक लिंडी रफ यांनीही हाच उद्गार काढला. तेव्हा खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर त्या दोन शब्दांपुरते नाहीसे झाले.

यावरून या उद्गाराच्या दीर्घायुष्याचे कारण स्पष्ट होते. निवाडा म्हणून तो निष्फळ आहे. चषक डॅलसचाच राहिला आणि तो बदलणार नाही, हे उच्चारणाराही जाणतो. परंतु पराभवाच्या क्षणी संघाकडे पाठ फिरवून ‘ते हरले’ असे म्हणण्याचा सोपा मार्ग त्याने नाकारला आहे. अधिकार नसताना दिलेला हा निवाडा सामन्याचा निकाल बदलू शकला नाही. बोलणाऱ्यांचा समूह मात्र त्याने एकत्र राखला.