परवलीचा शब्द : किल्ली की स्वाक्षरी?
कार्यालयीन संगणक व ई-मेल सुरक्षिततेचा एक विचार

प्रस्तावना

गिरगावातील चाळीत बाहेर जाताना घराची किल्ली शेजारच्या खोलीत ठेवण्याची पद्धत जुनी आहे. मूल शाळेतून लवकर परतले, पाहुणा अचानक आला, तर दार उघडायला कोणीतरी हवे. संगणक आल्यावर हीच सवय कार्यालयांत व महाविद्यालयांत शिरली. सहकारी रजेवर गेला तर त्याचा परवलीचा शब्द शेजारच्या टेबलाला ठाऊक असतो. तो विचारण्यात कोणास वावगे वाटत नाही. उलट जो सांगत नाही तोच आडमुठा ठरतो. प्रस्तुत लेखात या सवयीचा विचार गिरगावापासून हाकेच्या अंतरावर, फोर्ट व नरिमन पॉइंट येथील बँकांत घडलेल्या दोन प्रकरणांच्या आधारे केला आहे.

फोर्टमधील शाखा

पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतील प्रकरण आर्थिक घोटाळा म्हणून सर्वपरिचित आहे. प्रवेशाधिकाराच्या दृष्टीने मात्र त्याचा फारसा विचार झालेला नाही. 'स्विफ्ट' ही बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशवहनाची व्यवस्था होय. तीत एकाने संदेश तयार करावा व दुसऱ्याने तो तपासून मान्य करावा, अशी कामाची विभागणी अपेक्षित असते आणि त्यासाठी प्रत्येकाचा परवलीचा शब्द वेगळा असतो. जानेवारी २०१८ मध्ये नीरव मोदी यांच्याशी संबंधित कंपन्यांनी नवी हमीपत्रे मागितली, तेव्हा शाखेने पूर्ण रकमेइतकी रोख अनामत मागितली. यापूर्वी अशी अनामत कधी द्यावी लागली नव्हती, असे उत्तर आले. आणि शाखेच्या दप्तरात त्या पूर्वीच्या हमीपत्रांची नोंदच सापडेना. संदेश स्विफ्टवरून गेले होते, परंतु ती व्यवस्था बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीशी जोडलेली नव्हती. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी बँकेने शेअर बाजारास कळविलेला गैरव्यवहाराचा आकडा सुमारे १७७ कोटी डॉलर इतका होता.

अधिकाऱ्यांचे परवलीचे शब्द बाहेरच्या माणसांच्या हाती गेले होते, असा आरोप तपासाच्या आरंभीच पुढे आला. त्याचा निवाडा न्यायालयाचा विषय आहे. येथील मुद्दा त्यावर अवलंबून नाही. दोन माणसांनी दोन शब्दांनी करावयाचे काम एका हाताने होऊ लागले की तपासणी संपते आणि तिची केवळ नोंद उरते. ही ढिलाई एका शाखेपुरती होती असेही नाही. स्विफ्टविषयक सूचनांचे वेळेत पालन न केल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने मार्च २०१९ मध्ये ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपयांचा दंड केला.

एक जोडपत्र

दुसरे प्रकरण आधीचे, जुलै २०१६ चे. नरिमन पॉइंट येथे मुख्यालय असलेल्या युनियन बँक ऑफ इंडियाच्या एका कर्मचाऱ्याने रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारखे दिसणाऱ्या ई-मेलचे जोडपत्र उघडले. त्यातून शिरलेल्या घातक प्रणालीने स्विफ्टचे प्रवेशसंकेत हस्तगत केले आणि सुमारे १७.१ कोटी डॉलर परदेशी वळविण्याचे आदेश सुटले. विदेशातील खात्याचा ताळमेळ घेताना तफावत लगेच लक्षात आली, म्हणून रक्कम परत मिळविता आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर अशाच मार्गाने गेले होते.

त्या कर्मचाऱ्यास अडाणी म्हणणे सोपे आहे. वस्तुतः बँकेतील माणसाने रिझर्व्ह बँकेचे पत्र तातडीने उघडावे, हेच त्याच्याकडून अपेक्षित असते. फसविणारा कर्तव्यदक्षतेचाच फायदा घेतो. विद्यापीठाच्या नावाने 'आजच माहिती भरा' असा ई-मेल आल्यास किती प्राध्यापक थांबून पाठविणाऱ्याचा संपूर्ण पत्ता वाचतील? अशा वेळी त्या पत्रातील क्रमांकावर फोन न करता, आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर विचारणा करावी. चुकून जोडपत्र उघडलेच, तर ते त्याच क्षणी सांगता येईल इतके निर्भय वातावरण कार्यालयात असावे. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तेथेही विलंब महाग पडतो.

महाविद्यालयातील प्रश्न

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६सी, जे २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे, दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी व दुसऱ्याचा परवलीचा शब्द यांचा अप्रामाणिक वापर एकाच वाक्यात गुन्हा ठरविते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड. कायद्याने या दोहोंस शेजारी बसविले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. किल्लीने कोणीही दार उघडले तरी घर कोणाचे हे बदलत नाही. परवलीच्या शब्दाने केलेले काम मात्र त्याच्या धन्याने केले असेच यंत्र नोंदविते. मुंबई विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका महाविद्यालयांना संगणकावरून उतरवून घ्याव्या लागतात. त्या कोणाच्या नावाने उतरल्या याची नोंद राहते. प्रत्यक्ष खुर्चीवर कोण बसले होते, याची राहत नाही.

उपाय फार अवघड नाहीत. रजेच्या काळात शब्द सांगण्याऐवजी बदली व्यक्तीच्या नावे तात्पुरता अधिकार द्यावा. दर महिन्याला शब्द बदलण्याचा आग्रह तर आता सोडूनच द्यावा. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेनेच २०१७ मध्ये तो मागे घेतला, कारण माणसे शेवटचा आकडा तेवढा वाढवितात. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांब शब्द अधिक टिकाऊ ठरतो. ई-मेलचा शब्द इतर कोठेही वापरू नये आणि तेथे दुसऱ्या टप्प्याची पडताळणी अवश्य लावावी, कारण अन्य खात्यांचा विसरलेला शब्द नव्याने ठरविण्याची वाट त्या टपालपेटीतूनच जाते.

मात्र दुसऱ्या टप्प्यासाठी नोंदविलेला मोबाइल कोणाचा आहे, हे बहुधा कोणी तपासत नाही. लिपिक निवृत्त होतो, पदभाराच्या यादीत कपाटांच्या किल्ल्या मोजून दिल्या जातात, पण ओटीपी त्याच्याच फोनवर जात राहतो. आणि परीक्षेच्या सकाळी सर्वांसमक्ष त्याला घरी फोन करून तो विचारून घ्यावा लागतो.