टायू तेलानं भरत नाही

बाळ-बाळंतीण अमरावतीच्या डफरीनमधून किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंगमधून घरी आली, की चार-दोन दिवसांत न्हाऊ घालणारी बाई दारात हजर. पाय पसरून त्यावर लेकरू घ्यायचं, अंग चोळायचं, दोन्ही तळव्यांत डोकं धरून गोल करायचं आणि शेवटी टाळूवर तेल थापायचं. वऱ्हाडी जिभेवर डोळ्याचा डोया होतो, तशी टाळूची टायू. "टायू भरून आली पाह्यजे, नाहीतं लेकराचं डोस्कं कच्चं राह्यते," हे बाईचं शास्त्र.

टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली अजून न सांधलेली जागा. तिच्याखाली चिवट पडदा असतो. तेल त्यातून मेंदूपर्यंत झिरपत नाही. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत मिटते, पुढची बहुधा दीड वर्षाच्या सुमारास. तेलाचा थेंब न लागलेल्या बाळाचीही ती तशीच मिटते. डोक्याच्या आकाराचंही तेच. जन्मवाटेतून येताना कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात, म्हणून डोकं लांबट दिसतं आणि थोड्याच दिवसांत आपोआप पूर्ववत होतं. मालीशही नेमकी त्याच दिवसांत चालू असते, मग श्रेय बाईच्या खात्यावर!

यात हसण्यासारखं काही नाही, कारण असंच एक शास्त्र अमेरिकेतही उभं राहिलं. विल्यम सदरलँड या ऑस्टिओपॅथला, म्हणजे हाडं-सांधे हातानं हाताळून उपचार करणाऱ्याला, कवटीच्या हाडांच्या कडा माशाच्या कल्ल्यांसारख्या वाटल्या, आणि ही हाडं आयुष्यभर श्वास घेतल्यासारखी हलत असावीत असं त्यानं मानलं. 1970च्या दशकात जॉन अपलेजर यांनी त्यातून क्रेनिओसॅक्रल थेरपी घडवली. रुग्ण कपड्यांनिशी पडून राहतो. उपचारक डोक्याला आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला जेमतेम पाच ग्रॅम वजनाइतका दाब देतो आणि मेंदूभोवतीच्या द्रवाची 'लय' हातानं ओळखून सुधारतो, असा दावा असतो.

द्रव खरा आहे. मोठ्या माणसात तो सुमारे 150 मिलिलिटर असतो, रोज अर्धा लिटरभर नव्यानं तयार होतो, आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर, श्वासाबरोबर हलतोही. अडचण त्या वेगळ्या लयीची आहे. 1994च्या एका अभ्यासात तीन उपचारकांनी त्याच रुग्णांची लय मोजली, तर आकडे एकमेकांशी जुळेनात. सदरलँडच्या कल्पनेत कवटीच्या तळाशी असलेल्या ज्या सांध्याला मुख्य मान आहे, तो तर विशीच्या आतच पक्का जुळून जातो.

मग बरं वाटतं ते खोटं? तसंही नाही. इंग्लंडमध्ये सेरेब्रल पाल्सीच्या 142 मुलांवर सदरलँडच्या मूळ पद्धतीची चाचणी झाली. निष्कर्ष 2011मध्ये आले. मुलांच्या हालचालीत मोजता येईल असा फरक पडला नव्हता. पण उपचार मिळालेल्या मुलांचे पालक मात्र 'एकूण तब्येत सुधारली' असं जास्त सांगत होते. कुणीतरी शांतपणे लेकराला हात लावला, याचं समाधान घरादाराला होतं. लय मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

न्हाऊ घालणाऱ्या बाईची बाजू इथे जरा भक्कम आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी 2005मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये छापलेल्या अभ्यासात, खोबरेलाची मालीश झालेल्या कमी दिवसांच्या बाळांचं वजन अधिक वेगानं वाढलेलं दिसलं. तेव्हा मालीश खुशाल करावी, हलक्या हातानं. डोकं दाबू नये आणि नाका-कानात तेल सोडू नये. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

हात जुना आणि मायेचा असला म्हणजे उपाय निर्धोक, हा समज तर अमरावती जिल्ह्यातच मोडतो. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्यांना तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. तेही घरचीच माणसं करतात किंवा करवून घेतात, लेकरू वाचावं म्हणूनच.

टाळूवर लक्ष ठेवायचंच, तर वेगळ्या कारणासाठी. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा जुलाब लागलेल्या बाळाची टाळू खोल जाते. तोंड सुकतं, लघवी कमी होते. शरीरातलं पाणी आटल्याची ही खूण. तेल थापत बसण्यात वेळ जातो; बाळाला लगेच अंगावर पाजायला घ्यावं आणि पाजतच दवाखाना गाठावा. ताप असून टाळू फुगून वर आली असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.