प्रदूषणाच्या नोंदवहीवर ‘हरकती व सूचना’

घराशेजारच्या कारखान्याची शेवटची तपासणी केव्हा झाली, त्याने गेल्या काही वर्षांत पर्यावरणाचे नियम किती वेळा मोडले आणि त्याबद्दल त्याला दंड झाला की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कोणत्याही देशात सरकारदरबारी कुठे ना कुठे लिहिलेली असतात. ती सामान्य माणसापर्यंत पोहोचत नाहीत, इतकेच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २००२ मध्ये ही उत्तरे महाजालावर खुली केली. ‘एन्फोर्समेंट अँड कम्प्लायन्स हिस्टरी ऑनलाइन’ असे या माहितीसंग्रहाचे लांबलचक नाव. आद्याक्षरे जुळवली की ‘एको’, म्हणजे प्रतिध्वनी, हा शब्द तयार होतो. हवा, पाणी आणि घातक कचरा यांविषयीच्या कायद्यांखाली येणारे आठ लाखांहून अधिक कारखाने आणि प्रकल्प त्यात होते.

हा संग्रह सुरुवातीला प्रायोगिक स्वरूपात मांडण्यात आला आणि त्यावर अभिप्राय देण्यासाठी नागरिकांना साठ दिवसांची मुदत देण्यात आली. माहिती उपयोगी आहे का, ती सहज सापडते का, सोबतचे स्पष्टीकरण पुरेसे आहे का, आणखी काय हवे, अशी विचारणा त्यात होती. आपल्याकडील ‘हरकती व सूचना’ मागवण्याचाच हा प्रकार. विकास आराखड्यावर हरकत घेणे समजण्यासारखे आहे, पण घडून गेलेल्या गोष्टींच्या सरकारी नोंदींवर लोकांचे मत कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर या नोंदी कशा तयार होतात, यात दडलेले आहे.

भोपाळनंतरचा प्रवास

या खुलेपणाचे मूळ भारतात घडलेल्या दुर्घटनेशी जोडलेले आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. याच कंपनीचा एक कारखाना अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात इन्स्टिट्यूट या गावी होता आणि तेथेही हेच रसायन तयार होत असे. ऑगस्ट १९८५ मध्ये तेथे दुसऱ्या एका विषारी रसायनाची गळती होऊन शंभराहून अधिक लोकांवर उपचार करावे लागले. आपल्या शेजारी काय साठवले जाते, हे जाणण्याचा हक्क लोकांना हवा, ही मागणी त्यानंतर जोर धरू लागली आणि १९८६ मध्ये अमेरिकी संसदेने तसा कायदा केला. कोणत्या कारखान्याने वर्षभरात कोणते विषारी रसायन किती सोडले, याची पहिली देशव्यापी सूची १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली.

या सूचीतून प्रमाण कळत असे, पण कायदा पाळला की मोडला, हे कळत नसे. परवानगीच्या मर्यादेत राहूनही एखादा मोठा कारखाना टनावारी रसायन सोडू शकतो आणि अगदी थोडे सोडणारा छोटा कारखाना मर्यादा ओलांडू शकतो. कायदापालनाच्या नोंदी होत्या, परंतु हवेच्या एका संगणक प्रणालीत, पाण्याच्या दुसऱ्या आणि कचऱ्याच्या तिसऱ्याच. त्या मिळवायच्या तर माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून वाट पाहावी लागे. १९९८ मध्ये पोलाद, तेलशुद्धीकरण, कागदाचा लगदा, मोटारजुळणी आणि बिगरलोह धातू या पाच उद्योगांपुरता या नोंदी एकत्र मांडण्याचा प्रयोग झाला. ‘एको’ हे त्याचे देशव्यापी रूप.

एकाच तक्त्यात दोन जातींच्या नोंदी

‘एको’वर कारखान्याचे नाव शोधून टिचकी मारली, की आता बारा तिमाह्यांचा, म्हणजे तीन वर्षांचा तक्ता दिसतो. कोणत्या तिमाहीत कोणता कायदा मोडला, हे चौकटींमध्ये दाखवलेले असते. तक्ता साधा वाटतो. मात्र त्यातील सर्व चौकटी सारख्या पद्धतीने भरलेल्या नसतात.

पाण्याच्या बाबतीत परवानाधारक कारखाना स्वतःच आपले सांडपाणी तपासतो आणि त्याचे आकडे ठरावीक काळाने सरकारला कळवतो. संगणक हे आकडे परवान्यातील मर्यादेशी ताडून पाहतो आणि मर्यादा ओलांडलेली दिसली की उल्लंघनाची नोंद आपोआप होते. हवा आणि घातक कचऱ्याच्या बाबतीत मात्र बहुतेक उल्लंघने अधिकारी प्रत्यक्ष तपासणीला गेल्यावरच उघड होतात. परिणामी, नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याचा तक्ता डागांनी भरलेला आणि वर्षानुवर्षे तपासणीच न झालेल्या कारखान्याचा तक्ता स्वच्छ, असे चित्र दिसू शकते. दोघांची तुलना करून कोण अधिक दोषी, हे ठरवणे अन्यायाचे होईल.

दुसरी अडचण नोंदींच्या प्रवासाची. अमेरिकेत तपासणी आणि कारवाईचे बहुतांश काम राज्य सरकारे करतात. राज्याच्या संगणकातून माहिती केंद्राकडे जाते. या वाटेत ती अडली, तर अहवाल वेळेवर देऊनही कारखान्याच्या नावापुढे ‘अहवाल अप्राप्त’ असे उल्लंघन चढते. एकाच कारखान्याचे हवेच्या प्रणालीत एक नाव आणि पाण्याच्या प्रणालीत दुसरे, मालकी बदलली तरी जुनेच नाव, नकाशावरील ठिकाण भलतीकडेच, असे गोंधळही होतात. एका कारखान्याच्या नोंदी दुसऱ्याला जोडल्या गेल्या, की निर्दोष बदनाम होतो आणि दोषी सुटतो.

तीन पक्ष, तीन आक्षेप

अशा संग्रहाकडे उद्योग, राज्य सरकारे आणि नागरिक वेगवेगळ्या नजरेने पाहतात. न्यायालयात किंवा अधिकाऱ्यांसमोर सिद्ध होईपर्यंत प्रत्येक उल्लंघन हा केवळ आरोप असतो, तो निकालासारखा मांडू नये, असे उद्योगांचे म्हणणे. दोष दुरुस्त केल्यानंतरही तो तक्त्यावर दिसत राहिला, तर बँका, ग्राहक आणि शेजारी यांच्यापुढे कारखान्याची पत जाते. ही तक्रार अगदीच गैरवाजवी नाही. राज्यांचे दुखणे निराळे. केंद्राच्या संकेतस्थळावर त्यांच्या कामाचे जे चित्र उमटते, ते अपुऱ्या माहितीमुळे काळवंडलेले असू शकते. नागरिकांची गरज मात्र याच्या उलट असते. उल्लंघन झाले म्हणजे नेमके काय झाले? कागद उशिरा पोहोचला, की नदीत विष गेले? ‘महत्त्वपूर्ण अननुपालन’ यासारख्या कार्यालयीन शब्दातून शेजारच्या माणसाला काहीच बोध होत नाही.

या तिन्ही आक्षेपांना वजन असण्याचे कारण म्हणजे या नोंदींना कायदेशीर धार आहे. अमेरिकेच्या १९७२ च्या जलकायद्यानुसार सामान्य नागरिकही साठ दिवसांची नोटीस देऊन प्रदूषकाला न्यायालयात खेचू शकतो आणि कारखान्याने स्वतः कळवलेले आकडे हा त्यातील भक्कम पुरावा असतो. मात्र केवळ भूतकाळात जमा झालेल्या उल्लंघनासाठी असा दावा चालत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ठरवले. म्हणजे उल्लंघन केव्हा सुरू झाले आणि केव्हा थांबले, याच्या तारखा निर्णायक ठरतात. एक चुकीची तारीख खरा दावा बुडवू शकते किंवा खोटा उभा करू शकते.

दुरुस्ती आणि खाडाखोड

प्रायोगिक काळातील अभिप्राय साठ दिवसांपुरते होते. त्याहून मोलाची ठरली ती कायमची सोय. एखादी नोंद चुकीची वाटली, तर ती त्याच ठिकाणाहून कळवता येते. कळवणारा कारखान्याचा व्यवस्थापक असो वा शेजारी राहणारा नागरिक, मार्ग एकच. सूचना त्या नोंदीची जबाबदारी असलेल्या राज्याच्या किंवा केंद्राच्या कर्मचाऱ्याकडे जाते. तो मूळ कागदपत्रे पाहतो आणि चूक खरी असेल, तर मूळ प्रणालीत दुरुस्ती करतो. केवळ पडद्यावरचा मजकूर बदलून भागत नाही, कारण पुढच्या वेळी मूळ प्रणालीतून माहिती आली की जुनी चूक पुन्हा उगवते.

दुरुस्ती आणि खाडाखोड यांतील भेद येथेच ठरतो. नोंद का बदलली, कोणत्या कागदाच्या आधारे बदलली आणि कोणी बदलली, हे सांगता आले, तर ती दुरुस्ती. हे सांगता येत नसेल, तर बलवान पक्षाच्या दबावाखाली डाग पुसले जाण्याचा धोका असतो. अमेरिकेत २००२ मध्येच सरकारी माहितीच्या गुणवत्तेविषयी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली आणि चुकीच्या माहितीची झळ बसणाऱ्यांना दुरुस्ती मागण्याचा अधिकार मिळाला. या अधिकाराचा वापर सदोष आकडा सुधारण्यासाठी करता येतो, तसाच नकोसा आकडा लांबवण्यासाठीही. म्हणून हरकत घेण्याचा दरवाजा दोन्ही बाजूंना सारखाच उघडा असावा लागतो. आणखी एक प्रामाणिक पायंडा ‘एको’ने पाडला. कोणत्या राज्याच्या माहितीत कोणती ज्ञात त्रुटी आहे, याची यादीच तेथे राज्यवार दिलेली असते.

कोरी चौकट काय सांगते?

चुकीची नोंद निदान दिसते. नसलेली नोंद दिसतच नाही. तक्त्यातील कोऱ्या चौकटीचा अर्थ ‘कायदा पाळला’ असा होऊ शकतो, ‘कोणी पाहिलेच नाही’ असाही होऊ शकतो आणि ‘पाहिले, पण माहिती केंद्राकडे पाठवली नाही’ असाही. वाचणाऱ्याचा कल मात्र पहिला अर्थ घेण्याकडे असतो. लहान सांडपाणी परवानाधारकांची पुरेशी माहिती केंद्राकडे पाठवणे राज्यांवर कित्येक वर्षे बंधनकारक नव्हते. त्यामुळे अशा हजारो ठिकाणांच्या चौकटी रिकाम्याच राहिल्या. २००९ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने पाण्याच्या प्रदूषणावर लेखमाला चालवली, तेव्हा राज्याराज्यांतून नोंदी मागवून आपला स्वतंत्र संग्रह उभारला. त्या आधीच्या पाच वर्षांत जलप्रदूषणाचे कायदे पाच लाखांहून अधिक वेळा मोडले गेल्याचे आणि फारच थोड्यांना शिक्षा झाल्याचे त्यातून पुढे आले. २०१५ मध्ये केंद्राने सांडपाण्याचे अहवाल कागदाऐवजी संगणकावरूनच पाठवण्याचा नियम केला, त्यामागे ही रिकामी जागा भरण्याचा हेतू होता.

कोरी चौकट ओळखण्याची ताकद बहुधा स्थानिक माणसाकडेच असते. ओढ्याच्या पाण्याचा रंग बदलला, मासे मेले किंवा रात्री वास सुटला, हे शेजाऱ्याला कळते. नोंदवहीत त्या दिवसापुढे काहीच नसेल, तर ती विसंगती तोच दाखवू शकतो. संगणकाला स्वतःच्या अज्ञानाचा पत्ता लागत नाही.

महाराष्ट्रापुढचा प्रश्न

आपल्याकडे हा विचार परका नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २५ नुसार राज्य मंडळाने सांडपाणी सोडण्याच्या अटींची नोंदवही ठेवायची असते आणि त्या सांडपाण्याची झळ बसणाऱ्या कोणालाही ती पाहता यावी, अशी तरतूद आहे. कलम ४९ नुसार नागरिक साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात तक्रार करू शकतो आणि त्यासाठी मंडळाकडील अहवाल मागू शकतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सरकारी कार्यालयांवर माहिती आपणहून प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पांना अटींच्या पालनाचे सहामाही अहवाल द्यावे लागतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने जून २०१७ मध्ये धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या धूलिकणांच्या आधारे मोठ्या उद्योगांना एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली. तारे समजायला सोपे. परंतु धूलिकणांसाठी पाच तारे मिळवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याविषयी ते काहीही सांगत नाहीत.

सहामाही अहवाल प्रसिद्ध झाला, म्हणजे तो खरा ठरतो असे नाही. तो प्रकल्पचालकानेच लिहिलेला असतो. ‘अटीचे पालन केले’ या वाक्यापुढे पंचक्रोशीतील रहिवाशाला ‘झाडे लावलेली नाहीत’ किंवा ‘नाल्यात पाणी सोडले जाते’ असे लिहिता आले, त्या हरकतीला क्रमांक मिळाला आणि ठरलेल्या मुदतीत कारणांसह उत्तर द्यावे लागले, तर त्या अहवालाचे मोल बदलेल. त्याच मार्गाने निर्दोष कारखानदारालाही आपल्या नावावरची चुकीची नोंद काढून घेता येईल. जुनी नोंद आणि दुरुस्तीचे कारण दोन्ही दिसत राहिले, तर कोणावरही पक्षपाताचा आरोप होणार नाही.

‘एको’मध्ये आता दहा लाखांहून अधिक ठिकाणांची माहिती आहे आणि तिच्यातील चुका संपलेल्या नाहीत. त्या दिसतात आणि दाखवून देता येतात, हीच तिची जमेची बाजू. आपल्याकडे नोंदवह्या महाजालावर येऊ लागल्या आहेत. प्रत्येक नोंदीखाली हरकतीचा रकाना आणि प्रत्येक कोऱ्या जागेपुढे ‘तपासणी झालेली नाही’ असे स्पष्ट लिहिण्याची सक्ती, एवढ्या दोन गोष्टींची भर पडली, तरी नदीकाठच्या माणसाच्या हाती केवळ कागद न राहता पुरावा येईल.